कोरोनाच्या लाटेत पक्षाघाताच्या पेशंटची मानेची डॉपलर सोनोग्राफी डॉक्टर स्वतःला जपून कशी करत होते?

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी हे काम केलंय. ‘पीपीई किट घालून’ हे उत्तर तुम्हाला अपेक्षित असेल. किट होतंच, पण खरा प्रश्न होता पलंगाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं याचा.

डॉपलर म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. एरवी ती करताना आम्ही पेशंटच्या उजव्या हाताला बसतो. उजवी कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी धमनी, बघताना त्याने मान डावीकडे वळवायची, म्हणजे तोंड पलीकडे जातं. डावी बघताना मान उजवीकडे. म्हणजे थेट आमच्याकडे, जेमतेम हातभर अंतरावर! त्यात पक्षाघाताचा पेशंट: तोंड वाकडं झालेलं, मास्क सारखा घसरतो, लाळ गिळता येत नाही म्हणून ठसका लागतो. वाचा गेलेली असेल तर ‘ताप होता का, वास येतो का’ विचारणार कोणाला? त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत प्रत्येक जण पॉझिटिव्हच धरायचा. डावी बाजू करताना मी मशीन ढकलत पलीकडे न्यायचो. पलंग भिंतीला चिकटलेला असला की आधी वॉर्डातल्या मामांना हाक मारून ओढून घ्यायचो. चार मिनिटं जास्त जायची, जाऊ देत.

त्याहून सोपा उपाय म्हणजे तपासणीच टाळणं. सीटी करायचाच असेल आणि किडनी ठीक असेल, तर त्याच वेळी छातीतल्या महाधमनीपासून डोक्यापर्यंत अँजिओग्राफी करून घेतली की मानेच्या रक्तवाहिन्या त्यातच दिसतात. हृदयातल्या छिद्रासाठीची बबल टेस्ट तर पुढेच ढकलायची. त्यात पेशंटला कुंथून श्वास सोडायला लावतात. पण हाताचा गेलेला जोर तासाभरात परत आला असा पेशंट असेल तर थांबून चालत नाही. अशा वेळी कॅरोटिड फार अरुंद निघाली आणि ऑपरेशन करायचं ठरलं, तर ते दोन आठवड्यांच्या आत झालेलं बरं.

आत गेल्यावर मशीनवर व्हिडिओ क्लिपा साठवायच्या आणि धमनीच्या भिंतीची जाडी वगैरे मोजणं बाहेर येऊन करायचं. फक्त डॉपलरचा कोन, म्हणजे ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन, तिथेच ६० अंशांच्या आत बसवून घ्यावा लागतो. तो चुकला की वेग खोटा येतो आणि किट घालून परत आत. गॉगलवर वाफ धरलेली असताना कोन बसवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. एक हात प्रोबचा (मानेवर फिरवायचा तो दांडा), एक हात बटणांचा. हात बदलायचे नाहीत. कीबोर्डवर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म. जेलची मोठी बाटली आत न्यायचीच नाही, लागेल तेवढं वाटीत काढून घ्यायचं.

प्रोब पुसण्यात मात्र बरेच जण चुकायचे. आधी जेल कोरडं पुसून काढायला हवं, नाहीतर जंतुनाशक खालपर्यंत पोचतच नाही. मग कंपनीने चालेल म्हटलेल्या वाइप्सनी पुसून सांगितलेला वेळ ओलं राहू द्यायचं. वायरही पुसायची, ती पेशंटच्या छातीवरून घासत जाते. आमच्याकडे एका उत्साही माणसाने दर वेळी स्पिरिट चोळून एका प्रोबचं रबर तडकवलं. त्या दिवसांत नवा प्रोब मिळवणं म्हणजे दिव्य होतं.

आणि हो, ‘पेशंटला बाहेर काढायला नको, मशीनच घरी आणा ना’ असं नातेवाईक फार विनवायचे. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याने पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या हॉस्पिटलच्या आवाराबाहेर असं घरोघरी नेता येत नाही. साथीतही नाही.