थोरला भाऊ, मोठा भाऊ आणि दादा

प्रश्न असा आहे: 'सार्कमध्ये भारताने थोरल्या भावासारखं वागावं' (सार्क म्हणजे दक्षिण आशियाई देशांची संघटना) या वाक्यात 'मोठा भाऊ' चालेल का? आणि 'दादागिरी'तला दादा तो हाच का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. हो, हाच. घरात दादा म्हणजे वडील भाऊ, गल्लीच्या कोपऱ्यावर दादा म्हणजे गुंड. पुढची 'गिरी' फारसी वळणाची. 'मुलूखगिरी'तला 'गीर' म्हणजे धरणारा, काबीज करणारा. दादाला ती शोभते!

आता मोठा आणि थोरला. बोलताना आपण दोन्ही सर्रास वापरतो, पण 'मोठा' नुसता आकारानेही असू शकतो. थोरल्याला धाकटा लागतोच. माळव्यात देवासला तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांची दोन राज्यं एकाच गावातून चालत, थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजी वयाने मोठा म्हणून त्याची पाती थोरली. मुलूख मोजून ते नाव पडलेलं नाही. उलट, निवडणुकीच्या बातम्यांत 'युतीत मोठा भाऊ कोण' म्हणतात तेव्हा हिशेब निव्वळ जागांचा असतो. तिथे कुणी 'थोरला' लिहीत नाही.

सार्कमध्ये भारत मोठा आहे, याबद्दल वाद नाही. थोरला मात्र सनदेने कुणालाच ठरवलेलं नाही. निर्णय एकमतानेच, म्हणजे मालदीवचा नकार भारताच्या नकाराइतकाच वजनदार. द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेतून वगळलेले. मुळात संघटनेची कल्पना मांडली बांगलादेशच्या झिया उर रहमान यांनी, स्थापना १९८५ साली ढाक्यात, सचिवालय काठमांडूत. घर बांधायचं थोरल्याच्या मनात आलंच नव्हतं म्हणा ना!

थोरलेपण वागण्यातून येतं. परराष्ट्रमंत्री असताना इंद्रकुमार गुजराल यांनी १९९६ साली मांडलं, की नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव आणि श्रीलंका यांना देताना भारताने परतफेडीची अपेक्षा धरू नये. हा थोरला. २०१५ साली सीमेवर ट्रक अडकले, नेपाळमध्ये गॅस-पेट्रोलची टंचाई झाली. नेपाळ त्याला भारताची नाकाबंदी म्हणत होता, भारत ती नाकारत होता. काठमांडूला मात्र त्यात दादाच दिसला, गल्लीतला.

तेव्हा तुमच्या वाक्यात अपेक्षा वागण्याची आहे, 'थोरल्या'च ठेवा. आकार सांगायचा असेल तर सरळ 'मोठा देश' लिहा, भाऊ कशाला?

जाता जाता: सार्कसाठी 'दक्षेस' हे हिंदी लघुरूपही लिहू नका. त्यातला 'क्षे' हिंदीतल्या 'क्षेत्रीय'चा आहे. मराठीत आपण 'प्रादेशिक' म्हणतो.