वाचकांचे प्रश्न : शून्य शून्यच राहिलं, पण नऊ नऊच का राहतं?

प्रश्न : विशेष सापेक्षतेत वेळ बदलते, लांबी बदलते, पण दोन घटनांमधल्या अवकाश-काल अंतराचा वर्ग, म्हणजे (प्रकाशवेग × वेळ)² − (अंतर)², बदलत नाही. पुस्तकात कारण एका ओळीत उरकलंय : ‘प्रकाशासाठी ही वजाबाकी प्रत्येकाला शून्य येते, म्हणून ती सर्वांना सारखी.’ शून्यावरून बाकीच्या आकड्यांची खात्री कशी द्यायची?

उत्तर : शंका रास्त आहे. त्या ओळीत निम्मा युक्तिवाद गाळलाय. आधी आकडे घालून पाहू.

रेल्वेच्या डब्यात फरशीपासून 1.5 मीटरवर आडवा आरसा. फरशीवरून प्रकाशाचा स्पंद सरळ वर सोडला, तो आरशावरून त्याच जागी परतला. ‘सुटला’ आणि ‘परतला’ या आपल्या दोन घटना. डब्यातल्या माणसाला त्यांच्यातलं अंतर 0, आणि प्रकाश चालला 3 मीटर, हेच ‘प्रकाशवेग × वेळ’ (सुमारे 10 नॅनोसेकंद). 9 − 0 = 9.

आता डबा प्रकाशाच्या 0.8 पट वेगाने फलाटावरून जाऊ द्या. फलाटावरून वाट तिरपी दिसते : स्पंद वर पोचेतो डबा 2 मीटर सरकतो, उंची 1.5, म्हणून कर्ण 2.5, उतरतानाही तेवढाच. प्रकाश 5 मीटर चालला (16.7 नॅनोसेकंद), घटनांमधलं अंतर 4. 25 − 16 = 9. वेग 0.6 पट केलात तर 3.75 आणि 2.25 येतील, वर्गांची वजाबाकी पुन्हा 9. वजाचं चिन्ह पायथागोरसचंच आहे : कर्णाच्या वर्गातून पायाचा वर्ग काढला की उंचीचा उरतो.

हमखास चूक होते ती अंतराच्या जागी. तिथे 4 ऐवजी प्रकाशाने कापलेले 5 मीटर घातले की उत्तर शून्य.

पण उंची दोघांना सारखी कशावरून? दोन सारख्या उभ्या काठ्या घ्या, टोकाला खडू बांधा आणि एकमेकींना घासून जाऊ द्या. धावती काठी आखूड होत असेल, तर प्रत्येक जण म्हणेल, ‘रेघ माझ्या काठीवर, टोकाच्या खाली उमटली.’ रेघ तर दोघांनाही एकाच काठीवर दिसायला हवी. तेव्हा आखूड नाही, लांबही नाही.

आरसा आणि स्पंदाचं हे ‘प्रकाशघड्याळ’ मात्र अशाच घटनांना चालतं, जिथे एखादा निरीक्षक दोन्हींना जातीने हजर राहू शकतो. बाकीच्यांसाठी पुस्तकातली ओळ लागतेच, पण पूर्ण. अवकाश आणि काळ सगळीकडे सारखे, म्हणून एकाच्या मोजमापांवरून दुसऱ्याची काढायची सूत्रं एकघाती. मग दुसऱ्याची वजाबाकी ही पहिल्याच्या मोजमापांतली द्विघाती राशी होते, आणि पहिल्याची जिथे शून्य तिथे तीही शून्य. अशी राशी पहिल्या वजाबाकीच्या ‘क’ पटच असू शकते. अवकाशाला कुठलीच दिशा लाडकी नाही, म्हणून क फक्त वेग किती यावर ठरतो, कुठल्या दिशेला यावर नाही. फलाटावरून डब्यात जाताना क ने गुणा. परत येताना वेग तेवढाच, दिशा उलट, म्हणून पुन्हा क ने. हाती पहिलाच आकडा यायला हवा, म्हणजे क² = 1. उणे 1 बाद, कारण वेग शून्य असताना क 1 असतो आणि वेग हळूहळू वाढवताना तो मध्येच उडी मारू शकत नाही.