डाव्या डोळ्याने कमी दिसतं, तरी गार्ड?

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. लहानपणी इजा झाल्यामुळे त्याला डाव्या डोळ्याने अंधुक दिसतं. शाळेच्या बास्केटबॉल संघात तो गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन पास देणारा खेळाडू, म्हणून खेळतो. घरचे म्हणतात, असा डोळा घेऊन किती दिवस खेळणार, आणि खेळून पुढे पोट कसं भरणार? मला उत्तर देता येत नाही.
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, पत्र वाचताना मला अमेरिकेतल्या डेट्रॉईट पिस्टन्स या बास्केटबॉल संघाचे गार्ड डेव्ह बिंग आठवले. नागपुरात पोरांना शिकवताना त्यांची गोष्ट मी कितीदा सांगितली असेल.

बिंग वॉशिंग्टनचे, जन्म १९४३ चा, वडील गवंडी. पाच वर्षांचे असताना दोन काठ्या खिळ्याने जोडून त्यांनी घोडा केला होता. खेळता खेळता पडले आणि तो खिळा डाव्या डोळ्यात गेला. ऑपरेशनला पैसे नव्हते. नजर अधू झाली ती कायमची. हाच मुलगा १९६६ साली एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतला गेला. दुसऱ्या मोसमात त्यांनी २,१४२ गुण केले, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक.

१९७१ मध्ये सरावाच्या सामन्यात चांगल्या, उजव्या डोळ्याला मार लागून आतला पडदा (रेटिना) सरकला. ऑपरेशननंतर त्याच मोसमात ते परतले, ४५ सामने खेळले, सरासरी २२.६ गुण. पुढे १९७६ च्या ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्यात ते सर्वोत्तम खेळाडू ठरले.

आता पोटाचं. मला त्यांच्या गुणांपेक्षा हा भाग मोलाचा वाटतो. खेळत असतानाच, मोसम संपला की ते बँकेत नोकरी करत, अगदी काउंटरवर बसून. १९७८ मध्ये निवृत्त झाल्यावर ते एका पोलाद कंपनीच्या गोदामात शिकायला लागले. माल पाठवणं, विक्री, सगळं दोन वर्षं केलं. एवढा नावाजलेला माणूस, आणि मालाच्या पावत्यांपासून सुरुवात! १९८० मध्ये स्वतःचे ८०,००० डॉलर आणि अडीच लाखांचं कर्ज घालून, चार माणसं घेऊन, भाड्याच्या गोदामात ‘बिंग स्टील’ काढली. सहा महिन्यांत घातलेले पैसे बुडाले. त्यांनी स्वतःच्या कारखान्याचा नाद सोडला, मध्यस्थ म्हणून पोलाद पुरवलं आणि जनरल मोटर्ससारखं गिऱ्हाईक धरलं. दुसऱ्या वर्षी नफा झाला. २००९ ते २०१३ ते डेट्रॉईटचे महापौर होते. शहराने दिवाळखोरी जाहीर केली तीही त्यांच्याच काळात, २०१३ मध्ये, हेही सांगायला हवं. त्यानंतर त्यांनी तिथल्या मुलांना मार्गदर्शन करणारी संस्था उभारली.

तेव्हा घरच्यांना सांगा, गार्ड व्हायला दोन्ही डोळे सारखे लागतातच असं नाही. पण सगळ्यात आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, खेळू द्यायचं का आणि किती. त्यांनी हो म्हटलं तर पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकचा, खेळाचा गॉगल घ्या आणि सरावालासुद्धा तो लावल्याशिवाय कोर्टवर पाठवू नका, कारण चांगला डोळा एकच आहे. प्रशिक्षकांना त्याच्या डोळ्याबद्दल मोकळेपणाने सांगा. डावीकडून येणारे पास रोज वेगळे घ्यायला लावा. आधी हळू, छातीच्या उंचीवर, पास देणाऱ्याने नावाने हाक मारून. हाक ऐकली की मान वळवायची आणि मग हात पुढे करायचे. माझ्याकडच्या एका पोराला ही सवय लागायला अख्खा पावसाळा गेला होता. घाई करू नका. आणि त्याला सुट्टीत एखाद्या दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये हाताखाली बसवता आलं, तर अवश्य बसवा.