रॉकेलमध्ये रॉकफेलर नाही

प्रश्न असा आला आहे: एक्सॉन आणि मोबिल या अमेरिकी तेल कंपन्या १९९९ मध्ये एक झाल्या, त्याला 'विलय' म्हणावं की 'विलीनीकरण'? शेवटी जाता जाता विचारलंय, 'रॉकेल' हा शब्द अमेरिकी तेलसम्राट रॉकफेलरवरूनच आला ना?

पहिल्याचं उत्तर झटपट. विलय होतो, विलीनीकरण करतात. इथे वकील, भागधारक, सरकारी परवानग्या असा सगळा घाट घातलेला होता, तेव्हा विलीनीकरण. त्यातला 'ली' दीर्घ. आणि कृपा करून 'विलगीकरण' लिहू नका! करोनात तो शब्द बोटांना असा काही चिकटला की परवा 'दोन बँकांचे विलगीकरण' वाचून मला चहाचा ठसका लागला. अर्थ पार उलटा. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीच्या नशिबी मात्र दोन्ही आलं. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या ३४ कंपन्या करायला लावल्या, ते विलगीकरण. त्यातल्या न्यू जर्सीवालीची पुढे एक्सॉन झाली, न्यूयॉर्कवालीची मोबिल, आणि ८८ वर्षांनी दोघी पुन्हा एका घरात आल्या, ते विलीनीकरण. (एक्सॉनच्या आधीचं नाव एस्सो. म्हणजे काय, तर स्टँडर्ड ऑइलची आद्याक्षरं, एस आणि ओ, उच्चारली तशी लिहिलेली. न्यायालयाने कंपनी मोडली, नाव पंपावर झळकतच राहिलं.)

आता रॉकेल. रॉकफेलरची ही गोष्ट दर सहा महिन्यांनी कुणीतरी मला पाठवतं. जॉन रॉकफेलर यांचा जन्म १८३९ चा. पेनसिल्व्हेनिया रॉक ऑइल कंपनी निघाली १८५४ मध्ये, तेव्हा हे गृहस्थ पंधरा वर्षांचे होते. स्टँडर्ड ऑइल तर १८७० ची. जमिनीतून येणाऱ्या तेलाला 'रॉक ऑइल' हे नाव आधीपासून होतंच. 'पेट्रोलियम'चा शब्दशः अर्थही तोच, खडकातलं तेल. लोकांची फसगत कुठे होते ते कळतं मला. डिझेल हे खरोखरच रुडॉल्फ डिझेल यांचं आडनाव आहे, मग रॉकेलही कुणाचं तरी असणारच! मग उरलेल्या 'फेलर'चं काय केलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

पण 'रॉक ऑइलचा अपभ्रंश' म्हणून हात झटकणाऱ्यांवर माझा जास्त राग आहे. अपभ्रंश झाला, पण असाच का? 'रॉकाइल' का नाही, 'रॉकोल' का नाही? कारण मराठीत 'एल'ची खुंटी आधीच ठोकलेली होती. खोबऱ्याचं तेल ते खोबरेल, एरंडाचं ते एरंडेल, करंजाचं ते करंजेल. 'तेल'मधला 'त' गळतो आणि 'एल' मागे राहतं. त्यातलं करंजेल तर दिव्यातच जळायचं. त्याच दिव्याच्या कामाला परदेशातून पत्र्याच्या डब्यांत नवं तेल आलं, तेव्हा मराठी माणसाने ते त्याच खुंटीला टांगलं: रॉकचं ते रॉकेल. हा अपभ्रंश नाही, हा अस्सल मराठी घडणीचा शब्द आहे, फक्त कच्चा माल इंग्रजी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शोधायला जाऊ नका. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आणि ज्या विहिरीपासून अमेरिकेतला खनिज तेलाचा धंदा सुरू झाला, त्या ड्रेकच्या विहिरीला पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलमध्ये तेल लागलं १८५९ मध्ये.

पुरावा मागाल तर माझी आजी. तिच्या फडताळात वरच्या फळीवर एक बाटली, खाली जमिनीवर दुसरी, बुचाला चिंधी गुंडाळलेली, शेजारी काळं पडलेलं नरसाळं. "खोबरेल वर, राकेल खाली, हात चुकवू नका," असं ती एका दमात म्हणायची. तिच्या कानाला दोन्ही एकाच घरातले शब्द होते. घासलेट म्हणणाऱ्यांनी रागावू नये. तो 'गॅसलाइट'मधून आला, त्याला हे नातं नाही.

हां, विलय राहिलाच. २००१ मध्ये शेव्हरॉनने टेक्साको घेतली, कंपनीचं नाव 'शेव्हरॉनटेक्साको' ठेवलं, आणि २००५ मध्ये त्यातून टेक्साको गाळून टाकलं. तिथे खुशाल विलय म्हणा.