पीएचडी लपवायची की सांगायची? चोपड्याच्या भावाला उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चोपड्याला कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवताय, सेट झाली, पीएचडी झाली, पण कायम जागा निघायचं नाव नाही. कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, आलंय, लवकरच निघायचं. तिकडे गेलेला मित्र म्हणतो, "रेझ्युमेतून पीएचडी काढून टाक, नाहीतर ओव्हरक्वालिफाइड म्हणून दारातूनच परत पाठवतात." हे खरं का, आणि मुलाखतीत हा विषय निघाला तर बोलायचं काय?

मित्राचं अर्धं खरं आहे. मी फैजपूरची. जळगावला केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये होते, आता ऑन्टारिओत लेमिंग्टनला ग्रीनहाऊसमध्ये काम करते. तेव्हा माझं सांगणं शेतीच्या कामापुरतं धरा.

आपल्याकडे जास्त शिकलेला माणूस खालच्या जागेला बसला तर कोणाला वावगं वाटत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले. त्यातल्या एम.एस्सी.वाल्याला "तुम्ही टिकाल का?" असं कोण विचारणार? सरकारी नोकरी लागल्यावर सोडतंय कोण! इथे मात्र समोरचा पहिला हिशोब हाच करतो, की चार महिन्यांत दुसरीकडे बरं काही मिळालं की हा उठून जाईल आणि मला परत जाहिरात, परत नव्याला शिकवणं. दुसरी धास्ती पगाराची. तिसरी कोणी बोलून दाखवत नाही: आपल्या बारावी झालेल्या सुपरवायझरचं हा डॉक्टर ऐकेल का? म्हणजे आक्षेप पदवीला नाही, तुमच्या टिकण्याला आहे. उत्तरही त्याचंच द्यायचं.

गंमत बघा, पीआरसाठी गुण देऊन निवड करणाऱ्या एक्सप्रेस एन्ट्रीत एकट्या अर्जदाराला पदवीचे १२०, मास्टर्सचे १३५ आणि पीएचडीचे १५० गुण मिळतात. सरकार ज्या कागदावर गुण देऊन बोलावतं, तोच कागद बघून ग्रीनहाऊसचा मॅनेजर भुवया चढवतो. यावर इथे भांडणही झालेलं आहे. येलोनाइफच्या एका सरकारी मंडळाने पीएचडी झालेल्या स्थलांतरिताला ओव्हरक्वालिफाइड म्हणून नाकारलं, तेव्हा २००६ साली कॅनडाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने तो भेदभाव ठरवला. बाहेरून आलेल्यांना आधीच शिक्षणापेक्षा खालच्या जागा मिळतात, तिथूनही असं हाकललं तर त्यांनी जायचं कुठे, असा त्यामागचा विचार. हे माहीत असू द्या. पण पहिल्या नोकरीसाठी खटला लढवायला वेळ कोणाकडे असतो?

आता रेझ्युमे. तो जाहिरातीपुरता असतो, जन्मभराचा हिशोब नसतो. स्काउटच्या, म्हणजे ओळीओळीने फिरून पिकावरची कीड-रोग तपासणाऱ्याच्या, जागेला अर्ज करताना नावापुढचं 'डॉ.' काढा, शोधनिबंधांची यादी काढा, पीएचडी शेवटी एका ओळीत ठेवा. ती अजिबातच काढली तर ती वर्षं रिकामी दिसतात आणि रिकाम्या वर्षांबद्दल जास्त प्रश्न येतात. त्या काळात शेतात, प्रयोगशाळेत जे हाताने केलं ते 'संशोधन सहायक' म्हणून लिहा, ते खोटं नाही. पण कंपनीचा छापील फॉर्म 'संपूर्ण शिक्षण' विचारत असेल आणि खाली सही असेल, तर तिथे काही गाळू नका. इमिग्रेशनच्या कागदांत तर मुळीच नाही, खोटी माहिती सापडली तर पाच वर्षांची बंदी येते.

मुलाखतीत आपली माणसं एक वाक्य हमखास बोलतात: "मी कुठलंही काम करायला तयार आहे." आपल्याला वाटतं यात नम्रपणा आहे. समोरच्याला ऐकू येतं की याला हे काम नको आहे, नुसता पगार हवा आहे. त्यापेक्षा असं सांगा: "इतकी वर्षं वर्गात गेली, पिकाशी रोजचा संबंध सुटला, तो मला परत हवा आहे. मित्रकीटक सोडून कीड आवरायची तुमची पद्धत मी वाचली आहे, वापरलेली नाही. ती शिकायला मला पूर्ण हंगाम लागेल." यात टिकण्याचं उत्तर आलं आणि सुपरवायझरचंही आलं. मग तुम्हीच विचारा की या जागेवर आधी कोण होतं आणि पुढे कुठल्या कामावर गेलं. माणूस अडखळला तर समजा वर जायची शिडी नाही.

माझ्या मुलाखतीत मॅनेजर माझ्या पीएचडीवरच अडून बसला होता. बोलता बोलता टोमॅटोच्या ओळीत घेऊन गेला, खालचं एक पान उलटं केलं आणि म्हणाला, काय दिसतं? पानामागे पांढऱ्या माशीचे कोष होते, त्यातले बरेच काळे पडलेले. म्हटलं, हा रोग नाही, तुमची एन्कार्सिया कामाला लागलीय. ती गांधीलमाशीच्या जातीची चिमुकली माशी कोषात अंडं घालते आणि कोष काळा पडतो. रावेर-यावलच्या केळीत सीएमव्ही हा माव्यामुळे पसरणारा विषाणूरोग आला की आम्ही पानं उलटून मावा शोधायचो, तेही सांगितलं. त्यानंतर पदवीचा विषय निघाला नाही. तुम्हीही तुमच्या कामातलं असं एखादं पान तयार ठेवा.

पगाराचा आकडा घरच्या हिशोबाने सांगू नका. जानेवारी २०२६ पासून ऑन्टारिओत पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला जाहिरातीत पगाराची मर्यादा छापावी लागते, आणि 'कॅनेडियन अनुभव हवा' अशी अट घालता येत नाही. छापलेल्या मर्यादेतलाच आकडा बोला, दुसरी धास्ती तिथेच मिटते.

आल्याबरोबर ग्रोअर पेस्टिसाइड सेफ्टी कोर्स करा. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं आणि इथल्या शेतमालकाला ते तुमच्या प्रबंधापेक्षा लवकर कळतं. टोमॅटोची लागवड साधारण डिसेंबर-जानेवारीत होते, तेव्हा अर्ज त्याच्या आधीच फिरू द्या.

राहिलं आबांचं. "इतलं शिकीसन हाईच करनं व्हतं का?" असं ते विचारतात म्हणता. विचारणारच, माझ्याही घरी विचारलं. त्यांना पदाचं नाव सांगत बसू नका. तासिकेचे पैसे कधी हातात पडतात आणि इथे कधी पडतात, एवढं सांगा. तासिकेचे पैसे किती महिने अडकतात ते त्यांनी पाहिलंय.

रेझ्युमे पाठवा, लाल पेन घेऊन बसते. फक्त त्याआधी फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि 'विवाहित' हे सगळं काढून टाका.