सर म्हणतात "सुरू कर", पण पत्र नाही: थांब

तू लिहिलंयस की एसटीएसचा (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, एमबीबीएसच्या मुलांसाठीची संशोधन योजना) प्रोजेक्ट मिळालाय, अभ्यासाला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीची मीटिंग दोनदा पुढे गेली, मान्यतेचं पत्र अजून नाही, सर म्हणतात "नुसती प्रश्नावलीच आहे, सुरू कर", आणि घरचे विचारतात की नीट पीजी (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) सोडून हे कशाला. वाचून पोटात गोळा आला. सेकंड एमबीबीएसला मी नेमका इथेच उभा होतो.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ही योजना १९७९ पासून चालू आहे आणि हातात मिळतात दोन महिने. प्रोटोकॉल, सॅम्पल साइझ वगैरे गाइड सांगतीलच, त्यात शिरत नाही.

माझा विषय साधा होता: बीपीचे पेशंट गोळ्या का चुकवतात. फाइल कमिटीच्या ऑफिसात दिली. पहिल्या मीटिंगला वकील आले नाहीत म्हणून कोरम (किमान उपस्थिती) नाही, दुसऱ्या वेळी बाहेरचे सामान्य सदस्य गावाला. आमच्या कमिटीत कोरमला किमान पाच जण लागायचे, त्यात कायद्याचा माणूस आणि सामान्य माणूस हवाच. नियम योग्यच आहे. पण कमी जोखमीच्या अभ्यासाला एक्सपिडाइटेड रिव्ह्यू (जलद तपासणी) मागता येतो, पूर्ण मीटिंगची वाट बघायला लागत नाही, हे त्या ऑफिसातल्या एकानेही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. फाइल देताना आवक क्रमांकसुद्धा घेतला नव्हता, त्यामुळे ती नक्की कधी दिली यावरही वाद झाला.

मग मी सुरू केलं. ओपीडीच्या बाकावर बसून ५३ फॉर्म भरले. पत्र आलं तेव्हा त्यावरची तारीख माझ्या बहुतेक संमतीपत्रांच्या नंतरची. मागच्या तारखेने मान्यता मिळत नाही. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "अहो, तारीखच बदला ना, पेन तर तुमचंच आहे." आणि मी बदलली. तीन फॉर्मवर व्हाइटनर लावला, वर नवी तारीख घातली. स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमनी एक फॉर्म उचलून ट्यूबलाइटसमोर धरला. काही बोलल्या नाहीत, सगळा गठ्ठा बाजूला ठेवला. प्रोजेक्ट तिथेच संपला. खरी तारीख सांगून नियमात बसणारे ११ फॉर्म दाखवले असते, तर निदान लहानसा प्रामाणिक रिपोर्ट गेला असता. ऑफिसला मी अजून शिव्या घालतो, पण व्हाइटनर माझ्या हातात होता.

म्हणून पत्र हातात येईपर्यंत एकही पेशंट नको. सर रागावले तर रागावू देत. उद्याच लेखी अर्ज दे, "एक्सपिडाइटेड रिव्ह्यूसाठी विचार व्हावा" असं स्पष्ट लिही आणि झेरॉक्सवर आवक शिक्का घे. तुमच्या कमिटीची एसओपी (लेखी कार्यपद्धती) वेगळी असू शकते, ती आधी वाच. मी वकील नाही.

आता करिअरचं. मी एका ट्रायल साइटवर (जिथे पेशंटवर औषधांच्या चाचण्या होतात) काम करतो, तेव्हा माझं मत एकतर्फी समज. एमबीबीएसनंतर ट्रायलमध्ये सब-इन्व्हेस्टिगेटर (मुख्य संशोधकाच्या हाताखालचा डॉक्टर) होता येतं. फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं) आणि मेडिकल रायटिंगलाही डॉक्टर लागतात. एमडी फार्माकॉलॉजीनंतर डीएम क्लिनिकल फार्माकॉलॉजी करता येतं, मुंबईत केईएमला आहे. पण नीट पीजी सोडू नकोस. या क्षेत्रातही पीजी असलेल्याचं ऐकतात, पटो न पटो.

महागडे सर्टिफिकेट कोर्स मात्र घेऊ नकोस. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स ऑनलाइन आहे, शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेची फी तेवढी भरायची. त्यापेक्षाही उपयोगी म्हणजे कुठल्या तरी चालू ट्रायलच्या कोऑर्डिनेटरमागे दहा दिवस फिर. चूक झाली की एकच रेघ मारून बाजूला सही-तारीख करायची, हे तिथे अंगात भिनतं. सिरियस अ‍ॅडव्हर्स इव्हेंट (पेशंटला झालेला गंभीर त्रास) कळला की २४ तासांत कळवायची धावपळही बघायला मिळते.

आणि संमती समजावायला शीक, मराठीत. आमच्या ट्रायलच्या फॉर्मवर "यादृच्छिकीकरण" छापलं होतं. एका आजींना वाचून दाखवलं तर त्यांनी मलाच विचारलं, "म्हणजे काय रे बाळा?" कुणाला कुठली गोळी ते चिठ्ठी टाकून ठरतं म्हटल्यावर लगेच कळलं. मग पुढचा प्रश्न, "मग मला खोटी, औषध नसलेली गोळी आली तर?" याचं सरळ उत्तर ज्याला देता येतं, त्याला मी उद्या कामावर घेईन. आजींनी अंगठा दिला, तर निःपक्ष साक्षीदाराची सही त्याच वेळी घे, संध्याकाळी साक्षीदार सापडत नाही.

पत्र मिळालं की आधी फोटो काढ. मूळ प्रत गाइडच्या कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली नेमकी रजेवर असते.