बॉनला येणार असशील तर आधी गेम थिअरी

पुण्यातून इकॉनॉमिक्स करून जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात मास्टर्सला यायचं तुझ्या मनात आहे. गेम थिअरी (समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवण्याचं गणित) घेऊ की बिहेविअरल इकॉनॉमिक्स (माणसं प्रत्यक्षात कसे निर्णय घेतात त्याचा अभ्यास), असं तू विचारलंस, कारण दुसरीने म्हणे पहिली खोडून काढली. मी इथूनच मास्टर्स केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘खोडून काढली’ हे आधी डोक्यातून काढ. इथली आर्थिक प्रयोगांची लॅब 1984 साली जर्मन अर्थतज्ज्ञ राइनहार्ड झेल्टन यांनी सुरू केली. 1994 साली जॉन नॅश आणि जॉन हर्सानी यांच्यासोबत गेम थिअरीसाठी नोबेल मिळालं तेही त्यांनाच. त्यांचं 1978 चं कोडं बघ. एका साखळी दुकानाच्या वीस गावांत शाखा, आणि प्रत्येक गावात एकेक नवा स्पर्धक. शेवटच्या गावात भाव पाडून भांडणं तोट्याचं, कारण पुढे धाक दाखवायला कुणी उरत नाही; मग त्याच्या आधीच्या गावातही नाही, असा उलटा हिशेब केला तर दुकानाने कुणाशीच भांडू नये. हिशेब बिनचूक, तरी सुरुवातीला धाक बसवण्याची चाल झेल्टनना स्वतःला जास्त पटायची. हिशेब एक सांगतो, माणसाला पटतं वेगळंच: माझ्या मते दोन्ही विषयांचं नातं या एका कोड्यात आहे.

लॅबमध्ये मी एकदा दहा युरोंच्या वाटणीचा खेळ खेळलो. समोरच्याने मला दोन देऊ केले. मी नाकारले, दोघांनाही शून्य. निव्वळ स्वार्थाच्या गणिताने मी एक सेंटसुद्धा घ्यायला हवा होता. पण चार-पाच युरो देऊ करणारा न्यायी असतो की नकाराला घाबरलेला? ते कळायला खेळाचा नियमच बदलतात: घेणाऱ्याला नकाराचा हक्कच ठेवायचा नाही. मग देणारे सरासरीने बरंच कमी देतात, पण बरेच जण काहीतरी देतातच. म्हणजे थोडी भीती, थोडा न्याय. हे वेगळं काढायची युक्ती गेम थिअरीची, आणि उरलेलं समजून घेणं बिहेविअरलचं. पहिली न शिकता दुसरी घेतलीस तर हाती नुसते किस्से राहतील.

म्हणून निघण्याआधी रिअल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलसच्या मुळाशी असलेलं, सिद्धतांचं गणित) पक्कं कर. इथे सिद्धता लिहाव्या लागतात. एपीएस प्रमाणपत्राचा (तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) अर्ज लवकर टाक, त्याशिवाय विद्यार्थी व्हिसा अडतो. ब्लॉक्ड अकाउंटसाठी (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरून दरमहा ठरावीकच काढता येणारं खातं) महिना 992 युरो धरून वर्षाचे 11,904 युरो तयार ठेव. व्हिसाच्या वेळी आकडा पुन्हा तपास. आणि आल्याबरोबर लॅबमध्ये सहभागी म्हणून नाव नोंदव. पैसे खरे मिळतात, आणि दोन युरो नाकारताना पोटात काय होतं तेही कळतं.